काडीचे घर, सुपारीची नवरी

महाराष्ट्रातील विवाहसमारंभात वधूपक्षाने वरपक्षासमोर मांडावयाच्या, आणि लग्न लागल्यावर वधूबरोबर सासरी पाठवावयाच्या, घरी केलेल्या वस्तूंना व खाद्यपदार्थांना मिळून रुखवत म्हणतात. मंगल कार्यालयाच्या एका भिंतीलगत दोन-तीन लांब टेबले जोडून, त्यांवर चादर अंथरून हे रुखवत मांडलेले असते, आणि त्यात काडेपेटीच्या काड्यांचे घर, शालू नेसवलेली सुपारी, मण्यांचे तोरण, रंगवलेले नारळ, कोरलेल्या खोबऱ्याच्या वाट्या, लवंग-वेलदोड्यांचे हार, क्रोशाचे रुमाल, तऱ्हेतऱ्हेचे लाडू आणि रंगीत जिलेटिन कागदाखाली चमकणाऱ्या करंज्या एकमेकींना खेटून उभ्या असतात. अक्षता टाकून जेवणाकडे निघालेले पाहुणे या टेबलापाशी थबकतात, एखादी बाई वाकून टाके न्याहाळते, लहान मुलांचे हात वेळीच मागे ओढले जातात, आणि प्रत्येक लग्नात पाहिलेल्या या दृश्यात विशेष काही आहे असे कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक पाठवणीची, म्हणजे मुलीला सासरी निरोप देण्याची, सुरुवात याच टेबलापासून झालेली असते. किंबहुना ते टेबल भरण्यासाठी घरातल्या बायकांनी दुपारच्या दुपार मान मोडून घालवलेल्या, साखरपुड्यानंतरच्या त्या दोन-तीन महिन्यांपासूनच ती झालेली असते.

रुखवत या शब्दाचा जुना अर्थ याहून आटोपशीर होता. वऱ्हाडी मंडळींच्या उतरण्याच्या जागेला जानवसघर म्हणत, आणि नवरदेवाला मांडवात आणण्यापूर्वी वधूकडच्या स्त्रिया या जानवसघरी फराळाची झाकलेली ताटे वाजतगाजत नेत; तो फराळ म्हणजे रुखवत. ताटावरचा रुमाल दूर करताना आतील जिनसांची नावे यमकात गुंफून म्हणण्याची प्रथा होती, तिला 'रुखवत म्हणणे' असेच नाव होते, आणि त्या पद्यांत लाडवाच्या गोलाईपासून विहिणीच्या तोऱ्यापर्यंत कशाचाही समाचार घेतला जाई. वराकडच्या बायकाही तयारीनिशी आलेल्या असत, त्यामुळे त्यांचे उत्तर लगेच येई. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या कामातून स्त्रियांच्या तोंडी असलेले गीतधन जतन केले, तेव्हा लग्नघरातील अशा रचनांनाही कागदाचा आसरा मिळाला. या पद्यांमुळे एक गोष्ट ध्यानात येते, ती ही की रुखवतातील वस्तू मुकी ठेवण्याची पद्धत मुळात नव्हती. ती कोणी केली, कशाची केली, तिच्यात काय गोड आहे, हे सांगणारा आवाज तिच्याबरोबर जात असे. पुढे फराळाची मांडणी देखणी व्हावी म्हणून सजावट आली, सजावट हळूहळू फराळाच्या पुढे येऊन बसली, आणि म्हणणाऱ्या बायकांचा आवाज मात्र सभागृहातल्या ध्वनिवर्धकापुढे क्षीण होत गेला.

खाद्यपदार्थांपैकी लाडू, चिरोटे, अनारसे, चकल्या यांचे वर्णन मराठी वाचकाला करून सांगण्याची गरज नाही. ज्यांच्यापाशी थांबलेच पाहिजे ते गव्हले. रवा दुधात किंवा पाण्यात घट्ट भिजवून, मळून, त्याची चिमूटभर कणी बोटांत घेऊन ती तांदळाच्या दाण्याएवढी, दोन्ही टोकांना निमुळती वळायची आणि वाळवायची, एवढीच गव्हल्यांची कृती आहे. बोटांनी वळून करावयाच्या या प्रकारांना वळवट म्हणतात. त्यात नखाने दाबून केलेले नखुले, बोटांवर वळलेले बोटवे, तसेच मालत्या आणि शेवया असे भाऊबंद येतात, आणि वाळल्यानंतर त्यांची खीर होते. दुपारभर चार बायका वळत बसल्या तरी संध्याकाळी परातीच्या तळाशी जेमतेम काही वाट्या ऐवज साचतो. ज्या गव्हाला शेताने आकार दिला, जात्याने किंवा गिरणीने ज्याचा आकार मोडला, त्याचा पुन्हा एकेक दाणा करून गहूच घडवावयाचा, अशी ही गोष्ट आहे, आणि तिच्या मुळाशी काटकसर किंवा चव यांच्या पलीकडचे काही तरी असले पाहिजे. खिरीला रवा सरळ घातला असता तरी ती गोडच झाली असती; परंतु मुलीच्या लग्नासाठी सरळ मार्गाने केलेली वस्तू पुरेशी वाटत नाही, तिच्यात कोणाचे तरी बोट दाण्यादाण्यावरून फिरलेले असावे लागते.

लग्नसराईचा मोठा भाग चैत्र-वैशाखात येतो, हा योगायोगही या कामाला मानवला. गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे वाळत घालण्याचे, म्हणजे वाळवणाचे, तेच दिवस असतात, शाळांना सुट्टी असते, आणि मावस-आते-मामेभावंडे एका छपराखाली गोळा झालेली असतात. मोठ्यांच्या हातात सुई, मुलांच्या हातात खळीची वाटी, अशी कामाची विभागणी आपोआप होई. खळ म्हणजे पिठाची शिजवून केलेली चिकी. तिला कीड लागू नये म्हणून बुकबाइंडर तिच्यात मोरचूद घालीत, घरी मात्र ती ताजी करून त्याच दिवशी संपवली जाई. फेविकॉल १९५९ मध्ये बाजारात आले आणि काड्यांची घरे अधिक टिकाऊ झाली, तरी खळीने माखलेल्या बोटांना भाजलेल्या पिठासारखा जो वास येत असे, तो कित्येक मराठी माणसांच्या मनात थेट कोणा मावशीच्या किंवा आत्याच्या लग्नाशी जोडला गेलेला आहे.

रुखवताच्या कामात कोण बसत असे, हा प्रश्न रूढींच्या अभ्यासकाने विचारण्याजोगा आहे. लग्नातील मंगल विधींसाठी सुवासिनी लागतात; मुसळाला आंब्याची पाने बांधून हळद कांडणे असो की मुहूर्ताचे सांडगे घालणे असो, ज्या स्त्रीचा नवरा हयात नाही तिला रूढीने त्या वर्तुळाबाहेर बसवले, आणि ज्या घरात नवरी मुलगी तिच्याच मांडीवर वाढली त्या घरातही ऐन लग्नात तिला मागच्या खोलीत राहावे लागले. रुखवत मात्र विधी नाही; त्याला मंत्र नाही, मुहूर्त नाही, पुरोहित नाही. त्यामुळे दोऱ्याचा रुमाल विणण्यास किंवा मण्यांचे तोरण ओवण्यास तिच्या हाताला कोणी अडवीत नसे, आणि ज्या आत्येला बोहल्याजवळ उभे राहता येत नव्हते तिचे काम मात्र भर मांडवात, सर्वांच्या डोळ्यांसमोर, नवरीच्या नावाने मांडलेले असे. रुखवताच्या टेबलाकडे पाहताना एवढी एक गोष्ट जरी आठवली तरी त्या रुमालाचे वजन बदलते.

दोऱ्याचे हे काम मराठी घरात फार प्राचीन नाही. क्रोशा हा शब्दच फ्रेंच, त्याचा अर्थ आकडी, आणि मुलींच्या शाळांमधून शिवण-विणकाम हा विषय शिकवला जाऊ लागल्यावर ही आकडी माजघरात पोहोचली. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवणकामाला प्रौढ स्त्रियांच्या शिक्षणात आणि स्वतःच्या पायांवर उभे राहण्याच्या धडपडीत स्थान दिले. मराठी बायकांनी या परक्या कलेची परिभाषा मात्र स्वतःच घडवली. सुईवरून ओढलेल्या फाशांच्या ओळीला साखळी म्हटले, दोरा सुईवर लपेटून उंच काढलेल्या टाक्याला खांब म्हटले, आणि दोरा न लपेटता आखूड काढलेल्या टाक्याला मुका खांब असे नाव दिले. लाकडी घराच्या खांबांमध्ये वावरणाऱ्या कोणा बाईनेच ही नावे ठेवली असणार असे वाटावे, इतकी ती घराशी निगडित आहेत. मण्यांच्या कामात असा शब्दसंग्रह नाही, तेथे मोजणी चालते. जुने तोरण समोर ठेवून, चौकटीच्या वहीत एकेका रंगाचे घर भरून घेऊन, त्यावरून पोपट, कोयरी किंवा तुळशीवृंदावन उतरवायचे, आणि एका ओळीत एक मणी चुकला तर पोपटाची मान कलते म्हणून दहा ओळी उसवायच्या. उसवण्याचे हे काम न बोलता केले जाते.

रुखवताचे खरे रहस्य त्याच्या मापात आहे. टेबलावर जे मांडलेले असते ते जवळजवळ सगळे मोठ्या वस्तूंचे लहान रूप असते; घर हातभर, बैलगाडी वीतभर, मेणा, विहीर, जाते, उखळ, चूल, सगळे भातुकलीएवढे. भातुकली म्हणजे लहान मुलींच्या खेळातील इवला संसार, आणि त्या खेळातली लाकडी, पितळी भांडी पुष्कळदा रुखवतातही मानाने मांडली जातात. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडावर रंग चढवून केलेली फळे आणि खेळणी ज्या घरी येत तेथे त्यांचाही मुक्काम कधी ना कधी या टेबलावर होई. जी मुलगी दहा-पंधरा वर्षांपूर्वी अंगणात हा संसार मांडत होती तिलाच खऱ्या संसाराला निघताना तो पुन्हा हातात दिला जातो. यात मुलीला बाळबोध समजण्याचा भाग नाही. मागे राहणाऱ्यांना तिच्या नव्या घरात शिरता येणार नाही, तेथील चूल कोठे आहे, खिडकीतून काय दिसते, उजेड कोणत्या बाजूने येतो हे त्यांना ठाऊक नाही, म्हणून ते स्वतःला ठाऊक असलेले एक घर काड्यांचे करून देतात, त्याला दार ठेवतात, दाराला तोरण लावतात, अंगणात वृंदावन उभारतात. काड्यांची टोके आधी कापून टाकलेली असतात, ज्या कोणी हे प्रथम केले त्याला घरात पेटण्याजोगे काही राहू नये एवढी काळजी होती.

या लहान रूपांत सर्वांत अर्थपूर्ण म्हणावी ती सुपारीची नवरी. एक सुपारी डोक्याची, खाली पुठ्ठ्याचा किंवा कापसाचा देह, त्यावर आईच्या फाटलेल्या साडीच्या काठातून बेतलेले नऊवारी नेसण, नाकाच्या जागी एकच मोती टाचून केलेली नथ, आणि शेजारी फेटा बांधलेला सुपारीचाच नवरा. ही जोडी पाहून हसू येते, परंतु सुपारीने माणसाच्या जागी उभे राहणे मराठी धर्मव्यवहाराला नवे नाही. मूर्ती नसेल तेथे तांदळाच्या राशीवर सुपारी ठेवून गणपती पुजतात, लग्न ठरले की सुपारी फोडतात, आणि धर्मकृत्याला बसणाऱ्याचा जोडीदार नसेल तर त्याच्या जागी कमरेला सुपारी लावून ते कृत्य पार पाडले जाते. जो हजर नाही त्याची जागा भरणे हे सुपारीचे जुने काम आहे. त्या न्यायाने रुखवतातील सुपारीची नवरी कोणाची जागा भरते, असे विचारले तर त्याचे उत्तर सासरी पोहोचलेल्या टेबलापाशी मिळत नाही, ते माहेरच्या घरात मिळते. कारण पुष्कळ घरांत अशा दोन जोड्या केल्या जातात, आणि त्यांतली जरा वाकडी झालेली, 'पाठवण्यासारखी नाही' म्हणून बाजूला ठेवलेली नवरी माहेरच्या कपाटातच राहते.

सुपाऱ्यांचे दुसरे रूप सप्तपदीचे. विवाहहोमानंतर वधू तांदळाच्या सात लहान राशींवरून पावले टाकते, आणि गृह्यसूत्रांनी या सात पावलांना अन्न, बल, धन, सुख, प्रजा, ऋतू आणि सख्य असे सात हेतू जोडून दिले आहेत. रुखवतात याच पावलांचा देखावा मांडतात, सात चिमुकल्या पाटांवर सात सुपाऱ्या किंवा रांगोळीची पावले, आणि प्रत्येकीपाशी घरातल्याच कोणी तरी सुवाच्य अक्षरात लिहिलेली एक एक पाटी. संस्कृत मंत्र भटजींच्या मुखातून ज्या वेगाने निघून जातो त्या वेगात तो ऐकू येणे कठीण असते. टेबलावरची पाटी मात्र आजी चष्मा पुसून, बोट ठेवून, सावकाश वाचते. सातवे पाऊल सख्याचे आहे, हे पुष्कळ बायकांना आपल्या स्वतःच्या लग्नात कळले नव्हते, ते रुखवतावरून कळले.

पाठवणीच्या वेळच्या विधीतही हाताने विणलेली एक वस्तू मध्यभागी असते. ऐरणीदान, किंवा काही भागांत ज्याला झाल म्हणतात, त्या विधीत बांबूच्या टोपलीत कणकेचे पेटवलेले दिवे व वाणाच्या वस्तू ठेवून ती टोपली वराच्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यावर टेकवतात आणि मुलगी त्यांच्या स्वाधीन करतात. या टोपलीला शास्त्रात वंशपात्र म्हटले आहे. वंश म्हणजे बांबू आणि वंश म्हणजे कुळ, या दोन्ही अर्थांचा एकाच टोपलीत झालेला हा संयोग भाषेने घडवला, पण टोपली विणली ती कोणा बुरुडाच्या घरी, आणि लग्नाच्या पत्रिकेत किंवा आभाराच्या भाषणात त्या घराचा उल्लेख कधी येत नाही.

रुखवत या शब्दाचा दुरुपयोग जेथे झाला तेथे स्पष्ट बोलले पाहिजे. अनेक ठिकाणी आता रुखवत म्हणून पलंग, कपाट, शीतकपाट, धुलाईयंत्र आणि भांड्यांचे थप्पे मांडले जातात, त्यांची मोजदाद होते, आणि मुलीचा बाप पुढील काही वर्षे त्या टेबलाचे हप्ते भरतो. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने हुंडा देणे व घेणे हे दोन्ही गुन्हे ठरवले, पुढे झालेल्या दुरुस्तीने मागणी न करता दिलेल्या भेटींना त्या यादीत नोंदवण्याच्या अटीवर सूट दिली, त्या भेटी रिवाजाला धरून असाव्यात आणि देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानाने अवाजवी नसाव्यात असेही सांगितले, आणि १९८५ च्या नियमांनी या याद्या कशा ठेवायच्या हे ठरवून दिले. कायद्याच्या या फटीत रुखवत हे सोज्ज्वळ नाव घालून जे आत सरकवले जाते ते हुंडाच आहे. ज्या वस्तूची किंमत बाजारात ठरते ती टेबलावर आली की शेजारचा क्रोशाचा रुमाल केविलवाणा दिसू लागतो, आणि त्या रुमालाला केविलवाणे करणाऱ्या माणसांच्या घरी आपली मुलगी जात आहे हे कळूनही माहेरचे लोक हसत उभे राहतात. या प्रथेतील सर्वांत दुःखाची जागा कोणती असे विचारले तर ती हीच.

विकतच्या रुखवताविषयी मात्र इतका कठोर निवाडा करता येत नाही. पुण्या-मुंबईत रुखवताचे संच तयार मिळतात, काही ठिकाणी भाड्यानेही मिळतात, आणि नोकरी सांभाळून लग्न उभे करणाऱ्या घराला दुपारच्या दुपार मोकळ्या मिळणे शक्य नसते हे मान्य केले पाहिजे. हे संच पुष्कळदा बचत गटांतल्या किंवा घरबसल्या व्यवसाय करणाऱ्या बायकाच करतात, म्हणजे हात येथेही आहेत, फक्त ते हात नवरीला ओळखत नाहीत. सामग्रीही बदलली आहे. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आणली आणि सजावटीतला थर्माकोल तिच्या कक्षेत आला. त्याची जागा पुठ्ठा, ताग, बांबूच्या चिपा आणि खणाचे कापड यांनी घेतली. खण म्हणजे चोळीपुरता बेतलेला काठाचा कापडतुकडा, जो प्रामुख्याने कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्ड येथे विणला जातो. त्याची तोरणे व चौकटी आज रुखवतात सर्वत्र दिसतात, आणि आजीच्या चोळीचे कापड नातीच्या भिंतीवर जाते यात वाईट वाटण्यासारखे काही नाही.

परदेशी जाणाऱ्या मुलींनी रुखवताला आणखी एक माप घातले आहे. एका बॅगेला २३ किलो ही विमान कंपन्यांची नेहमीची मर्यादा, आणि तिच्यात साड्या, मसाले, कागदपत्रे भरून झाल्यावर उरेल तेवढ्यात माहेर बसवावे लागते. म्हणून घडी होणारे तोरण जाते, गव्हल्यांची पुडी जाते, काड्यांचे घर मात्र कोणी तरी मांडीवर घेऊन नेल्याशिवाय जात नाही. गोव्यात लेकीच्या सासरी वजें पाठवतात, म्हणजे फराळाच्या व इतर जिनसांनी भरलेली भेट, आणि वजें या शब्दाचा अर्थच ओझे असा आहे. या शब्दाने जे उघड कबूल केले ते रुखवताने सजावटीखाली झाकले, एवढाच दोहोंत फरक.

सासरी पोहोचल्यावर रुखवत पुन्हा एकदा मांडले जाते, शेजारीण येऊन पाहते, फराळ वाटला जातो आणि चार दिवसांत संपतो. कोरीव खोबऱ्याची वाटी आणखी काही काळ तग धरते, मग एका सणाला तीही किसली जाते. क्रोशाचे रुमाल आधी रेडिओवर, नंतर दूरदर्शन संचावर पसरले गेले, आणि संच चपटे झाल्यावर त्यांना बसायला जागा उरली नाही. काचेच्या कपाटातील काड्यांच्या घरावर धूळ बसते, आणि ती झटकताना कठड्याची एखादी काडी दर वेळी निखळते. तोरण सर्वांत जास्त टिकते, कारण ते दारावर असते आणि रोज डोक्याला लागते. वीस-बावीस वर्षांनी त्याचा दोरा कुजतो, एका सकाळी पोपट उंबऱ्यावर ओघळतो, आणि घरातली बाई खाली बसून, कोपऱ्यात घरंगळलेले मणीही वेचून, रंगांप्रमाणे वेगळे करून, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवते. हिरवे नेहमी काही कमी भरतात. डब्याच्या झाकणावर ती काही लिहीत नाही, पण घरात मुलगी असेल तर तो डबा माळ्यावर जात नाही, हाताशी येईल अशा फळीवरच राहतो.